गोव्यात वीकेंडला पाठीवर बॅग घेऊन (काणकोण तालुका): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची दोडामार्गची, लग्नानंतर फोंड्याला आले, आता अकरा वर्षं झाली. पुणे, कोल्हापूर, ठाण्याच्या मैत्रिणी आणि त्यांचे ग्रुप दरवर्षी येतात आणि यायच्या आधी पंधरा दिवस फोनवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. यात बागा-कळंगुट नाही. चार-पाच जणांनी शुक्रवारी रात्री निघायचं, सोमवारी सकाळी परत कामाला लागायचं, आणि मधले दोन दिवस चालत आणि बसनं फिरायचं, त्याबद्दल आहे हे.

दोन दिवसांत गोवा बघून होतो का?

नाही होत. गोवा नकाशावर चिमुकला दिसतो, ३,७०२ चौरस किलोमीटर फक्त, त्यामुळे लोकांना वाटतं सकाळी हरमल, दुपारी पणजी, संध्याकाळी पाळोळे. पण उत्तरेच्या टोकाला पत्रादेवीपासून दक्षिणेच्या टोकाला पोळेपर्यंत नुसता हायवे धरला तरी अख्खी सकाळ जाते, आणि बसनं फिरणार असाल तर मध्ये दोनदा गाडी बदलायची. मी बघितलंय की जे ग्रुप यादी घेऊन येतात ते दोन्ही दिवस रस्त्यावरच असतात आणि रविवारी संध्याकाळी एकमेकांवर चिडलेले असतात.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, एक तालुका पकडा आणि तो पायी फिरा. सांगे घ्या, सत्तरी घ्या, पेडणे घ्या, कुठलाही चालेल, पण मी दक्षिण टोकाचं काणकोण सांगते कारण तिथे समुद्र, खाडी, डोंगर आणि जंगल इतकं जवळजवळ आहे की चावडीवरून (म्हणजे काणकोणच्या मुख्य बाजारातून) किनारा दोन-तीन किलोमीटर आणि अभयारण्याचं गेट दहाएक किलोमीटर.

कधी यायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिल्यांदाच येत असाल तर दुसरा विचारच करू नका. त्यातही २० डिसेंबर ते २ जानेवारी टाळा, तेव्हा खोल्यांचे दर डोक्यावरून जातात आणि गाडीचं तिकीट मिळत नाही.

मार्च ते मे म्हणजे काजू-आंब्याचे दिवस, डोंगर काजूच्या बोंडूंच्या वासानं भरलेला असतो, मला स्वतःला आवडतो तो काळ. पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, त्यामुळे थर्मामीटरवर ३४ दिसलं तरी चालताना ते पुण्याच्या ३९-४० पेक्षा जास्त त्रास देतं. पुण्यातले रोज टेकडी चढणारे मित्र इथे तासाभरात बसकण मारतात ते याच्यामुळे, त्यात स्टॅमिना कमी असण्याचा काही संबंध नाही.

पावसाळा म्हटलं तर गोवा सगळ्यात सुंदर जून ते सप्टेंबरमध्येच दिसतो. पण बॅकपॅकिंगला, आणि ते पण इथली माहिती नसताना, नको. समुद्र खवळलेला असतो, पाळोळे-आगोंदच्या किनाऱ्यांवर राहायला असतात त्या लाकडी झोपड्या मे अखेरीस उतरवून ठेवतात आणि ऑक्टोबरात परत उभारतात, नदी-ओढे बघता बघता वाढतात. २०२३ च्या जुलैत सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोन जण बुडून गेले आणि त्यानंतर वनखात्यानं धबधब्यांवर जायला बंदीच आणली होती. पुढे नियम बदलत राहिले, त्यामुळे पावसाळ्यात यायचंच असेल तर त्या आठवड्यात काय चालू आहे काय बंद आहे ते वनखात्याकडून विचारूनच निघा.

आणि चवथीला येऊ नका. गणेश चतुर्थीला अख्खा गोवा आपापल्या गावच्या घरी जातो, दुकानं बंद, खाणावळी बंद, बसेस कमी. कोणी घरी बोलावलं असेल तर मात्र जरूर या, त्यासारखं दुसरं काही नाही.

यायचं कसं?

मुंबई-ठाण्याहून कोकणकन्या. रात्री अकराच्या सुमारास मुंबई सोडते, सकाळी मडगाव. परतीला तीच संध्याकाळी सातच्या आसपास मडगावहून आणि पहाटे मुंबई, म्हणजे सोमवारचं ऑफिस गाठता येतं. तिकीट मात्र लवकर काढायला लागतं, शुक्रवारची गाडी बुकिंग उघडल्यावर काही वेळातच भरते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, वेळा बदलतात, ते तपासा.

पुण्याहून रात्रीची बस सोपी पडते. गोवा एक्सप्रेस पण आहे, ती बेळगाव-लोंढामार्गे कुळेंवरून मडगावला येते आणि वाटेत दूधसागरच्या समोरून जाते, पण वीकेंडच्या वेळेत ती बसवणं कठीण. कोल्हापूरवाल्यांनी आंबोलीतून सावंतवाडी आणि तिथून पणजी-मडगाव.

मडगावहून काणकोणला कदंबच्या (म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीच्या) आणि खाजगी अशा दोन्ही बसेस आहेत, साधारण ३५-४० किलोमीटर, मध्ये करमल घाट लागतो, सव्वा-दीड तास धरा. कंडक्टर स्टॉप ओरडत असतो, त्याला आधीच सांगून ठेवा कुठे उतरायचंय ते, तो आठवणीनं उतरवतो. बॅगा ड्रायव्हरच्या बाजूला ठेवायला देतात. काही गाड्या थेट काणकोण स्टेशनलाही थांबतात, तुमची थांबत असेल तर मडगावला उतरूच नका.

गाडी-बाइक भाड्यानं घेतली तर?

घेता येते आणि चार जणांत स्वस्तही पडते. फक्त काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, तीच अधिकृत भाड्याची. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर नको, पोलिसांनी पकडलं तर तुम्हीच अडकणार.

पण मी तरी म्हणते एक वीकेंड बाइकशिवाय करून बघा. बाइक असली की 'चल अजून पुढे जाऊया' सुरू होतं आणि परत तेच, सगळा दिवस रस्त्यावर. एकटा कोणी मागे राहिला किंवा पाय मुरगळला तर गोव्यात पायलट आहेत, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, पिवळ्या-काळ्या रंगाची, स्टॅण्डच्या आसपास उभे असतात. बसायच्या आधी भाडं ठरवा.

दोन दिवसांचा नेमका प्लॅन काय असावा?

आम्ही जानेवारीत पाच जणांनी केला तोच सांगते, तुम्ही हवा तसा बदला.

शनिवारी साडेअकरा-बाराला चावडीवर पोचलो, भाजी-पाव खाल्ला, पाळोळ्याला खोलीत बॅगा टाकल्या आणि साडेतीनपर्यंत सरळ झोप काढली. रात्रभर प्रवास करून भर दुपारी चालायला लागलात तर दुसरा दिवस फुकट जातो, त्यामुळे ही झोप सोडू नका. ऊन उतरल्यावर किनाऱ्यानं दक्षिणेला निघालो, पाळोळे, मग खडकांवरून कोळंब, मग पाटणे. पाटण्याला सूर्यास्त बघून राजबागपर्यंत अंधार पडायच्या आत जाऊन आलो. राजबागला मागे मोठं हॉटेल आहे म्हणून लोक बिचकतात, पण किनारा सगळ्यांचा असतो, पाण्याच्या कडेनं खुशाल चाला.

रविवारी खरं चालणं. पहाटे साडेपाचला उठून तळपण नदी ओलांडून गालजीबाग. राजबागच्या टोकाला नदीचं मुख आहे, तिथे कोणी होडीवाला असला तर पलीकडे सोडतो, नसला तर मागे येऊन बायपासच्या पुलावरून जायचं. नदी चालत ओलांडायचा विचारसुद्धा करू नका, वरून संथ दिसते पण ओहोटीच्या वेळी मुखाशी पाणी जबरदस्त ओढतं. सगळं मिळून आठ-दहा किलोमीटर होतात, नऊ वाजेपर्यंत गालजीबागला पोचलो. तिथे मागे सुरूची झाडं आहेत, त्यांच्या सावलीत बसलो आणि पाचपैकी कोणीच तासभर बोललं नाही, इतकं शांत होतं. माझ्यासाठी तो तास म्हणजेच ती सगळी ट्रिप.

तिथून रिक्षानं पैंगीणवरून खोतीगाव अभयारण्य, दुपारच्या उन्हाचे तास झाडाखाली, आणि तीनला परत निघून मडगावची गाडी.

कोणाला दोन्ही दिवस समुद्रच हवा असेल तर रविवारी उत्तरेला जा, आगोंद आणि तिथून खोल गावाच्या रस्त्यानं काब द राम. किल्ला जुना आहे, १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे आला, आणि नाव पडलं ते वनवासात राम-सीता इथे राहिले होते या समजुतीवरून. तटावरून खाली समुद्र बघताना कठड्यापासून लांब राहा, दगड सुटे आहेत. वाटेत खोलची मिरची विकायला दिसली तर घ्या, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली मिरची आहे ती, रंग लालभडक आणि तिखट बेताची.

बॅग किती वजनाची?

सहा-सात किलो, पाण्यासकट. त्याच्या वर गेली की काहीतरी चुकतंय. पहिल्या वर्षी एक मैत्रीण चौदा किलोची बॅग घेऊन आली होती, जीन्स तीन, बूट दोन, हेअर ड्रायर. आम्ही सगळ्यांनी मिळून ती आळीपाळीनं उचलली आणि दुपारपर्यंत ग्रुपमध्ये कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. एकाची बॅग जड असली की ती सगळ्यांना जड होते.

कपडे पातळ आणि पटकन वाळणारे घ्या. जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. टॉवेलऐवजी पंचा. पंचा अर्ध्या तासात वाळतो, डोक्याला बांधता येतो, ओला करून मानेवर टाकला की उन्हात जीव येतो, रात्री अंगावर घेता येतो. डिसेंबर-जानेवारीत आतल्या बाजूला पहाटे थोडं गार वाटतं तेव्हा एक पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, तोच मग जंगलात पण कामाला येतो.

बॅगेच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरा. वरचं रेनकव्हर वाऱ्यानं उडतं, होडीत पाणी खालून येतं. टॉर्च प्रत्येकाची वेगळी, मोबाइलच्या टॉर्चवर विसंबू नका. इथे डिसेंबरात सव्वासहाच्या आत सूर्य बुडतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात मिट्ट काळोख, संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. वाट मागे फिरायची असेल तर त्या हिशोबानं फिरा.

पायात फ्लोटर्स आणि जंगलासाठी बूट. पाय मात्र रोज रात्री धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि अँटीफंगल पावडर टाका. ओले मोजे घालून दोन दिवस फिरलं की बेचक्यात चिखल्या होतात आणि मग पुढचे पंधरा दिवस डॉक्टरकडे फेऱ्या.

पाणी किती लागतं? वाटेत मिळतं का?

माणशी तीन लिटर घेऊन निघा, उन्हाळ्यात चार. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका. गावात घराशी मागितलं तर लोक आनंदानं देतात, "उदक मेळटलें?" एवढं विचारा.

नुसतं पाणी पिऊन पण भागत नाही, घामातून मीठ जातं. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये काब द रामच्या रस्त्यावर आमच्यातल्या एकाला भर उन्हात चक्कर आली, पाणी भरपूर प्यायला होता तो, पण सकाळपासून खाल्लं काही नव्हतं आणि मीठ पोटात नव्हतं. मळमळ, डोकं ठणकणं, पायात गोळे. एका घराच्या पडवीत त्याला आडवं केलं, त्या घरातल्या आजींनी पेज दिली, मीठ घालून, लोणच्यासकट, आणि तासाभरानं माणसात आला. तेव्हापासून प्रत्येकाच्या खिशात ओआरएसची दोन पाकिटं असतात आणि सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन आम्ही उघड्यावर चालत नाही. घाम यायचा थांबला, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मात्र पडवी-बिडवी नाही, अंगावर पाणी ओतत सरळ १०८ ला फोन.

रस्त्यात आडसर मिळालं तर घ्या. आडसर म्हणजे शहाळं.

तंबू टाकता येतो का बीचवर?

नाही. किनाऱ्यावर मनाला येईल तिथे तंबू टाकणं, उघड्यावर स्वयंपाक करणं, उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं, हे सगळं गोव्यात गुन्हा आहे आणि दंड हजारांत आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम तर नाहीच नाही.

खूप जणांना हे ऐकून वाईट वाटतं, मला माहितीय, पाठीवर बॅग घेऊन आलो आणि रात्री खोलीत झोपायचं म्हणजे काय. पण गालजीबाग आणि आगोंद हे कासवांचे किनारे आहेत. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल रात्री किनाऱ्यावर चढून वाळूत अंडी घालते, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि जिकडे उजेड जास्त दिसतो तिकडे चालत सुटतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. तुमची शेकोटी किंवा टॉर्च असली तर पिल्लं जमिनीकडे येतात आणि सकाळपर्यंत कावळे-कुत्र्यांच्या तोंडी जातात. वनखात्याचे लोक घरट्यांना कुंपण घालून राखण करतात. त्यांच्याशी जाऊन बोला, वेळ असला तर छान माहिती सांगतात.

शेकोटी जंगलातही नको. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर कितीतरी दिवस वणवे पेटत होते. फोंड्याहूनसुद्धा हवा धुरकट वाटत होती, मला आजही तो वास आठवतो.

मग राहायचं कुठे?

पाळोळे-पाटण्याला सीझनमध्ये झोपड्या, हॉस्टेलं, घरगुती खोल्या भरपूर आहेत. मला घरगुती खोल्या आवडतात, किनाऱ्यापासून पाचेक मिनिटं मागे, माडाच्या बागेत, अंगणात विहीर. फोनवर दर विचारा आणि तीन जणांना एक खोली देतात का ते आधीच स्पष्ट करून घ्या. गेल्या वेळी आम्हाला दारात पोचल्यावर माणशी जास्तीचे पैसे सांगितले आणि रात्री आठ वाजता पाच जणं बॅगा घेऊन रस्त्यावर, तेव्हापासून मी सगळं मेसेजवर लिहून घेते.

खर्च किती येतो?

आम्हा पाच जणांचा मडगाव ते मडगाव, खोली, खाणं, बस-रिक्षा, अभयारण्याचं तिकीट धरून माणशी अडीच हजारांच्या आत झाला होता. मासळी कुठली खाता त्यावर सगळं आहे, इसवण-चणक घेतलात तर बिल फुगतं, बांगडा-तारल्यांवर राहिलात तर नाही.

एकानं पैसे सांभाळायचे, बाकीच्यांनी सुरुवातीलाच सारखी रक्कम त्याच्याकडे द्यायची. प्रत्येक चहाचा हिशोब मोबाइलवर मांडत बसू नका. आणि थोडी रोख ठेवा, आत रेंज गेली की क्यूआर कोड चालत नाही.

खायचं काय, कुठे?

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

सकाळी गावातल्या कुठल्याही छोट्या हॉटेलात पातळ भाजी, सुकी भाजी किंवा मिक्स, आणि पाव. सोबत मिरची भजी आणि बन्स, तो गोडसर पुरीसारखा फुगलेला, केळं घातलेला. चाळीस-पन्नास रुपयांत पोट भरतं. सकाळी पाववाला सायकलवरून भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडे पोई मिळाली तर दोन-चार घेऊन बॅगेत टाका. कोंडा लावलेला पोकळ पाव असतो तो, दिवसभर टिकतो, आत काहीही भरा.

दुपारी शीत-कडी. 'फिश थाळी' असं मागा हरकत नाही, पण आतमध्ये जे येतं ते म्हणजे भात, माशाचं हुमण (आमटी), तळलेला तुकडा, किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर), एक भाजी, सोलकढी. तिसऱ्यांचं सुकं असेल तर सोडू नका. मालवणीची सवय असलेल्यांना मसाला थोडा सौम्य आणि खोबरं जास्त वाटेल. जून-जुलैत यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा नदीतली आणि सुकी मासळी खा, सुक्या बांगड्याची किसमूर आणि पेज.

शाकाहारी मंडळींनी 'शिवराक' हा शब्द पाठ करा. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत शिवराकच असतं. खतखतें, अळसांद्याची भाजी, मुगागाठी, एकदा खाल्लंत की गोव्यात शाकाहारी लोकांचे हाल होतात असं परत म्हणणार नाही.

दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद, लोक विश्रांती घेतात. तेव्हा शटर वाजवू नका. लागणारं सामान बाराच्या आत घ्या.

उर्राक प्यायची का?

मार्च ते मे मिळते, काजूच्या बोंडूंच्या रसाची पहिल्या धारेची दारू. तीच पुढे परत गाळली की फेणी, काजू फेणीला २००९ पासून जीआय आहे. पिणाऱ्यांनी संध्याकाळी, चालणं पूर्ण झाल्यावर, लिंबू-सोडा टाकून थोडी घ्या. उन्हात किंवा पोहायच्या आधी अजिबात नको. न पिणाऱ्यांनी नीरो मागा, बोंडूचा ताजा रस, दारू नसते त्यात, पण त्याच दिवशी प्यायला लागतो.

पोहणं सेफ आहे का?

जीवरक्षक आहेत तिथेच, त्यांच्या वेळेत, लाल झेंडा नसताना. संध्याकाळी सहानंतर ते नसतात. पाळोळ्याच्या खाडीत पाणी शांत असतं, आगोंद आणि गालजीबागला ओढ आहे. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहत झगडू नका, आडवं पोहून ओढीच्या बाहेर या, हात वर करून ओरडा.

भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघा. रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला बेट आहे, ओहोटीला गुडघाभर पाण्यातून जाता येतं, आणि फोटो काढत बसलं की परत येताना पाणी छातीला. कोळंबच्या खडकांवर पण तसंच, भरतीला वाट राहत नाही.

खोतीगावला वाघ दिसतो का?

त्या आशेनं येऊ नका. १९६८ साली जाहीर झालेलं, ८६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, उंच उंच झाडं, मचाण, खुणा केलेल्या पायवाटा. शेकरू दिसू शकतं, गवा (गोव्याचा राज्यप्राणी) दिसला तर नशीब. राज्यवृक्ष माट्टी मात्र नक्की दिसेल, आपण ज्याला ऐन म्हणतो तोच, मगरीच्या पाठीसारखी साल. गेटवर तिकीट काढा, वाटा विचारून घ्या आणि त्याच वाटेवर राहा. गप्प चाला, स्पीकर लावू नका. आत वेळीप या आदिवासी लोकांच्या वाड्या आहेत, त्यांच्या अंगणाचे, माणसांचे फोटो न विचारता काढू नका.

साप, जळवा, गोचिडी?

जळवा पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे. पँट मोज्यात खोचा, लागली तर मीठ लावा, ओढून काढू नका. त्यानं काही मोठं होत नाही, घाबरायचं कारण नाही.

गोचिडीकडे मात्र लक्ष द्या. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचीड चावल्यानं होतो, आणि कोरड्या महिन्यांत जास्त. जंगलात पानांच्या ढिगावर लोळू नका, मेलेल्या माकडाच्या जवळ जाऊ नका, परत आल्यावर काखेत, कमरेला, कानामागे बघा. नंतर ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे आठवणीनं सांगा.

सापांचं म्हणाल तर रात्री टॉर्चशिवाय चालू नका, दगडाखाली हात घालू नका. चावलाच तर पट्टी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८. काणकोणात सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठं सरकारी इस्पितळ मडगावला, त्याच्या वर बांबोळीचं मेडिकल कॉलेज.

फक्त मुली असू तर?

आम्ही कितीतरी वेळा फक्त मुलीच गेलोय. बसमध्ये, गावात, खाणावळीत कधी अडचण आली नाही. किनाऱ्यावर अंधार पडल्यावर बाहेरून आलेले दारू प्यायलेले ग्रुप असतात, त्यांच्यापासून लांब राहायचं, एकटीनं खोलीवर परत जायचं नाही. पाळी आली असेल तर चालायचा टप्पा अर्धा करा, त्यात लाज कसली. पॅड कागदात गुंडाळून परत खोलीवर आणायचे, वाटेत कुठेही टाकायचे नाहीत.

दूधसागर जोडून करता येईल?

नाही, एका वीकेंडात काणकोण आणि दूधसागर दोन्ही नको. ते पूर्वेला धारबांदोडा तालुक्यात, मोलेच्या अभयारण्यात आहे, ३१० मीटरचा धबधबा. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायला मनाई आहे, जुने व्हिडिओ बघून येऊ नका. कुळेंहून जीप मिळतात, साधारण ऑक्टोबरपासून. दुसऱ्या वीकेंडला या आणि सोबत तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर करा, कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, मागे नुसतं जंगल. सकाळी आठच्या आत पोचलात तर ओढ्याचा आवाज ऐकत पायरीवर बसता येतं.

कोंकणी येत नाही, चालेल का?

चालतं, मराठी जवळपास सगळ्यांना समजते, वर्तमानपत्रं मराठी, कीर्तन-नाटक मराठी. तरी दोन-चार शब्द बोला. "बस खंय रावता?" म्हणजे बस कुठे थांबते, "कितलें?" म्हणजे केवढ्याला, आणि निघताना "देव बरें करूं", म्हणजे धन्यवाद. त्या पेज दिलेल्या आजींना मी एवढंच म्हटलं होतं, तर त्यांनी परत आत जाऊन आम्हाला वाटेसाठी सोलं (आमसुलं) बांधून दिली.

ग्रुपमध्ये एकाला चालायचंच नसेल तर?

त्याला आणा. फक्त आधी सांगून ठेवा की तो बसनं पुढे येऊन गालजीबागला भेटेल, आणि पोई त्याच्या बॅगेत द्या.